जुन्या रीतीची छायाचित्रं आणि चित्रकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी गच्चीवर सायनोटाइप (निळ्या रंगाची), सॉल्ट (मीठ आणि चांदीची) आणि गम (डिंकाची) प्रिंट करतो, म्हणजे उन्हाच्या मदतीने हाताने कागदावर छायाचित्रं छापतो, आणि चित्रांवरून बेतलेली छायाचित्रंही काढतो. कार्यशाळेला येऊन गेलेली माणसं आणि न येऊ शकलेली माणसं, दोघंही मला प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. अगदी प्राथमिक प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. फाइन आर्ट फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय? चांगला फोटो आणि हे, यात फरक काय?

लग्नाचा, बातमीचा किंवा जाहिरातीचा फोटो कोणाच्या तरी गरजेसाठी काढलेला असतो. इथे गरज काढणाऱ्याचीच असते: त्याला काहीतरी दाखवायचं असतं, आणि विषयापासून कागदापर्यंतचा प्रत्येक निर्णय तो स्वतः घेतो. दर्जाचा यात प्रश्न नाही. बातमीचा फोटो कितीतरी वेळा जास्त चांगला असतो.

२. "सुरुवातीची फोटोग्राफी" म्हणजे कुठला काळ? इतिहास किती माहीत हवा?

ढोबळमानाने १८२०च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा. सनावळ्या पाठ करायची गरज नाही, पण एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: फोटोग्राफी चित्रकलेच्या घरातच जन्मली. डागेर हा पॅरिसमधला नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. इंग्लंडचा टॅल्बट १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी कॅमेरा ल्युसिडा नावाचं दृश्य गिरवायचं उपकरण घेऊन निसर्गचित्र काढायला बसला आणि त्याला ते जमेना. हे दृश्य कागदावर आपोआप उमटून टिकलं तर किती बरं, हा विचार त्याला तिथे सुचला. १८३५ मध्ये लॅकॉक ॲबी या आपल्या घरातल्या खिडकीची छोटीशी कागदी निगेटिव्ह त्याने केली. ती नवी असताना चौकटीतले काचांचे तुकडे भिंगाने मोजता येत, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे.

१८३९ मध्ये डागेरची चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरची पद्धत (डॅगरोटाइप) आणि टॅल्बटची कागदावरची पद्धत, दोन्ही जगापुढे आल्या. १८४२ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने सायनोटाइप शोधलं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रशैवालांची सायनोटाइप छापून त्यांचं पुस्तक करायला घेतलं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची काचेवरची ओली कोलोडियन पद्धत (वेट प्लेट: काचेवर चिकट लेप देऊन तो ओला असतानाच फोटो काढायचा) आली आणि पुढची तीस वर्षं तिचीच चलती होती. सुरुवातीला एवढं पुरे.

३. तेव्हाच्या फोटोग्राफरांनी चित्रकलेकडून नेमकं काय घेतलं?

सुरुवातीला रचना घेतली. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं नैतिक रूपक उभं केलं, राफाएलच्या भित्तिचित्रासारखं. हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून मरणपंथाला लागलेल्या मुलीचं दृश्य रचलं. लोक बिथरले. असं दृश्य चित्रात चालत होतं, फोटोत सहन होत नव्हतं. "हे खरं का बनवलेलं?" हा वाद म्हणजे फोटोग्राफीइतकाच जुना आहे.

पण मला खरी शिकवण मिळाली ती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनकडून. जन्म कोलकात्याचा, १८१५चा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेक-जावयांनी तिला कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइटवरच्या घरात तिने मोलकरणीला मेरी केलं आणि शेजारपाजाऱ्यांना राजे आणि देवदूत केलं. तिने १८६७ मध्ये काढलेलं हर्शेलचं छायाचित्र पाहा. होय, सायनोटाइपवालाच हर्शेल. डोक्यावर गडद टोपी, खालून बाहेर आलेले पांढरे विस्कटलेले केस, बाकी सगळा अंधार. पापण्यांखालची ओल दिसते, कोट दिसतच नाही. रेम्ब्रांटने प्रकाशाचं जे केलं तेच इथे आहे, फक्त ब्रशऐवजी खिडकी आणि लांबलेलं एक्स्पोजर. तिच्या काचांवर बोटांचे ठसे आहेत, कोलोडियनचे ओघळ आहेत. समकालीनांनी त्यावरून तिची हेटाळणी केली. ते ठसे पाहून आज मला ती खोलीत वावरताना दिसते.

पुढे १८९०च्या सुमारास पिक्टोरियलिझमची, म्हणजे छायाचित्र चित्रासारखं करू पाहणारी चळवळ आली: फ्रान्समध्ये देमाशी, ऑस्ट्रियात क्यून, अमेरिकेत स्टिगलिट्झ आणि स्टायकन. यांनी गम आणि प्लॅटिनम प्रिंटमधून छायाचित्राला हाताचा स्पर्श परत दिला (गमबद्दल प्रश्न ११ पाहा). देवघेव दोन्ही बाजूंनी होती, हेही विसरू नका. देलाक्रॉआ फोटोंवरून रेखाटनं करत असे, देगा स्वतः फोटो काढत असे.

४. हे सगळं युरोपचं झालं. आपल्याकडे काय होतं?

बरंच होतं, आणि ते शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढणारे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने शहरातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं एकीकडे टिपून, वेगळ्या निसर्गदृश्यांवर बसवून, त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. जोडकामाची ही पद्धत रेलँडरचीच. (त्यात एक गंभीर अडचण आहे, ती प्रश्न १५ मध्ये.)

राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या चितारींनी याहून वेगळं काही केलं. श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यजमानांचं चित्र रंगवायचं, आणि चेहरे तेवढे फोटोतले कापून चिकटवायचे. मग कडा रंगाने अशा मिटवायच्या की सांधा शोधावा लागतो. दादासाहेब फाळके जे. जे.त शिकले, गोध्र्याला फोटोग्राफी केली आणि सिनेमाआधी रविवर्म्यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यातही काम केलं. चित्र, फोटो आणि छपाई यांच्यात त्या पिढीने भिंत बांधलीच नव्हती.

आणि तुमच्या घरातला पणजोबा-पणजीचा फोटो काढून पाहा. मागे रंगवलेला पडदा असेल, त्यावर कमानी आणि लांबवर तळं. पुढे कोरीव तिवईवर फुलदाणी. पणजी नऊवारीत, हात मांडीवर ताठ. पडद्याची खालची कड जमिनीला टेकते तिथे एक सुरकुती दिसते. तो स्टुडिओवाला चित्रकाराच्या पडद्यापुढे माणसं उभी करत होता. तुमचा वारसा तिथूनच सुरू होतो.

५. मोबाइलच्या फिल्टरने असंच दिसतं की. मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मी तो मनापासून घेतो. फिल्टर तुम्हाला जुनेपणाची खूण देतो: डाग, कडेचा काळेपणा, पिवळटपणा. पण जुन्या लोकांना डाग नको होते, ते त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांना हवा होता तो प्रकाश, आणि कागदाच्या आत शिरलेली प्रतिमा. सॉल्ट प्रिंट हातात घेतलीत तर लक्षात येईल की चित्र कागदावर बसलेलं नाही, कागदाच्या तंतूंत आहे. पडद्यावर ते दिसत नाही, दिसणारही नाही.

दुसरं कारण माझ्यापुरतं जास्त महत्त्वाचं आहे. दिवसात चारच प्रिंट होणार हे माहीत असलं की माणूस कुठला फोटो छापायचा यावर विचार करतो. दोनशे फोटोंतून एक निवडताना नजर घडते. तुम्हाला नुसता जुना रंगच हवा असेल तर फिल्टर वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला सायनोटाइप किंवा वेट प्लेट म्हणू नका.

६. सुरुवात कुठल्या पद्धतीने करावी? साहित्य काय लागेल?

सायनोटाइपने, बिनदिक्कत. डार्करूम लागत नाही, ऊन आणि नळाचं पाणी पुरतं.

एका बाटलीत १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं मागा). दुसरीत १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही बाटल्या काळपट काचेच्या. पहिल्या बाटलीत काही दिवसांनी बुरशी धरते, ती गाळून घ्या, बिघडत नाही. वापरायच्या वेळी दोन्ही सारखं मिसळायचं. ए-फोर कागदाला अडीच-तीन मिलि पुरतं. पिवळ्या बल्बच्या खोलीत ब्रशने आडवं, मग उभं फिरवायचं. ब्रशला लोखंडी पट्टी असेल तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कागदावर निळे ठिपके पडतात. अंधारात वाळवा.

वाळलेला कागद फिकट पोपटी-पिवळा दिसतो. त्यावर निगेटिव्ह (प्रश्न ७), वर फोटोफ्रेमची काच, बाजूला चिमटे, आणि उन्हात. एप्रिलमध्ये पुण्यात भर दुपारी मला आठ-दहा मिनिटं लागतात, डिसेंबरात त्याच्या दुप्पट. घड्याळापेक्षा रंगाकडे पाहा: उघड्या कडा आधी निळ्या होतात, मग राखाडी, मग जुन्या काशाच्या भांड्यासारख्या. तो काशाचा रंग आला की उचला. पाण्यात टाकल्यावर पिवळं पाणी सुटतं, ते पूर्ण थांबेपर्यंत धुवा. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणभर ट्रेमधल्या पाण्यात घातलं की निळा रंग क्षणात गडद होतो. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण तिथे "आई गं" म्हणतोच. एरवी तोच रंग एक-दोन दिवसांत हवेने आपोआप येतो.

कागद जाड आणि सुती घ्या. खडूची भुकटी घातलेला कागद टाळा, कारण त्यातला क्षार निळ्या रंगाचा शत्रू आहे.

७. निगेटिव्हसाठी फिल्मचा कॅमेरा हवाच का?

नको. मोबाइलचा फोटोही चालतो. तो कृष्णधवल करा, उलटा करा (काळ्याचं पांढरं) आणि ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) इंकजेटने छापा. या पद्धतींत प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराची होते, म्हणून निगेटिव्ह मोठी लागते, एवढंच. काहीच नसेल तर शेवग्याची पानं, लेस किंवा मोरपीस ठेवा. ॲना ॲटकिन्सनेही कॅमेरा वापरला नव्हता.

८. धुताना सगळा निळा रंग वाहून गेला. काय चुकलं?

बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं. काशाचा रंग येण्याआधीच कागद उचललेला असतो. पांढऱ्या जागाही निळ्या झाल्या असतील तर उलट: कागदाला आधीच उजेड लागला, किंवा निगेटिव्हची काळी शाई पुरेशी दाट नव्हती.

पण एक कारण कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. एका उन्हाळ्यात माझ्या प्रिंट तासाभरात फिकट पडू लागल्या. रसायनं बदलली, कागद बदलला, काही उपयोग नाही. शेवटी ध्यानात आलं की आमच्या इमारतीत त्या आठवड्यापासून बोअरचं पाणी सोडत होते. बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं आणि क्षार प्रशियन निळ्याला, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाला, खातो. तेव्हापासून पहिल्या पाण्यात मी चिमूटभर लिंबूसत्त्व घालतो. केटलीत पांढरा थर बसत असेल तर तुम्हीही घाला.

९. पावसाळ्यात काय करायचं?

ढगाळ हवेतही होतं, वेळ तिप्पट-चौपट लागतो. खरी अडचण दमटपणाची आहे: लेप दिलेला कागद ठेवून देऊ नका, वाळला की लगेच वापरा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी जून ते सप्टेंबर निगेटिव्ह तयार करण्यात घालवावेत, असा माझा सल्ला.

१०. निळाच रंग का? माणसाचा चेहरा निळा बरा दिसत नाही.

तो रंग लोखंडाच्या संयुगांतून येतो, तो प्रशियन निळाच असणार. चेहऱ्यासाठी चहाने रंग बदलता येतो. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा घालून प्रिंट त्यात बुडवा. निळा रंग काही सेकंदांत पिवळा पडायला लागतो. हवा तितका गेला की काढा, भरपूर धुवा, आणि गार केलेल्या कडक कोऱ्या चहात तासभर ठेवा. तपकिरी-काळा रंग येतो, कागदही थोडा चहाळतो. तरी मी म्हणेन की आधी निळ्याला साजेसे विषय शोधा: पाणी, रात्र, झाडं, धुकं.

११. गम प्रिंट चित्रासारखी दिसते ती कशामुळे? आणि लाडवांचा डिंक चालेल का?

कारण तिच्यात खरोखर जलरंगच असतो. डिंकाचं पाणी, ट्यूबमधला जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट एकत्र करून कागदावर लावतात. जिथे उजेड लागतो तिथे डिंक कडक होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. कागद पाण्यावर पालथा तरंगत ठेवायचा, अर्ध्या तासाने उचलायचा. ओला असतानाच मऊ ब्रशने किंवा पाण्याच्या धारेने एखादा भाग उजळता येतो. मोकळं आकाश हवं, तर तिथला रंग तुम्ही धुऊन काढता. देमाशीचं सगळं कसब या ब्रशमध्ये होतं. एका थरात गडदपणा येत नाही, म्हणून तीन-चार थर द्यावे लागतात. दर वेळी निगेटिव्ह त्याच जागी बसायला हवी. त्यासाठी कागद आधी गरम पाण्यात भिजवून आकसून घ्या.

डिंकाबद्दल: बाजारातल्या डिंकात झाडं मिसळलेली असतात. चमचाभर डिंक रात्री गार पाण्यात टाका. सकाळी पूर्ण विरघळून स्वच्छ पाक झाला असेल तर फडक्यातून गाळून वापरा. फुगून गोळे झाले असतील तर तो लाडवांनाच राहू दे.

डायक्रोमेटचा धोका मात्र आधी वाचा (प्रश्न १३).

१२. सॉल्ट प्रिंट कशी असते? जिलेटिनशिवाय होते का?

टॅल्बटची मूळ रीत हीच. मिठाच्या साधारण दोन टक्के पाण्यात कागद भिजवून वाळवायचा, त्यावर बारा टक्के सिल्व्हर नायट्रेट, मग ऊन, शेवटी हायपो (प्रतिमा पक्की करणारं रसायन). विटकरी ते जांभळट तपकिरी रंग येतो, सावल्या मखमलीसारख्या. कागदाला खळ द्यायला जिलेटिन लागतंच असं नाही. एकोणिसाव्या शतकात आरारूटची खळही वापरत, आणि ती सुंदर उमटते. चांदीमुळे खर्च मात्र सायनोटाइपच्या कितीतरी पट होतो.

१३. घरात लहान मुलं आहेत. हे सगळं सुरक्षित आहे का?

पद्धतीगणिक उत्तर बदलतं. सायनोटाइप मोठ्यांच्या देखरेखीत मुलांनीही करावं. फक्त भांडी स्वयंपाकघरातली नकोत, आणि फेरिसायनाइडमध्ये ॲसिड ओतायचं नाही किंवा ते तापवायचं नाही (धुण्याच्या पाण्यातलं चिमूटभर लिंबूसत्त्व चालतं). सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते आणि डोळ्यात गेलं तर दृष्टीला धोका आहे, म्हणून चष्मा आणि हातमोजे. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये आणि उरलेलं मोरीत ओतता कामा नये. मुलं असलेल्या घरात गम करू नका, हे मी स्पष्टच सांगतो. वेट प्लेटमध्ये ईथर असतं, ते भडकन पेटतं. डॅगरोटाइपच्या मूळ रीतीत पाऱ्याची वाफ असते. या दोन्ही गोष्टी जाणकाराच्या प्रयोगशाळेतच, घरी कधीच नाही.

१४. मला रविवर्म्याच्या चित्रावरून फोटो करायचाय. ही नक्कल नाही का? आणि कॉपीराइट?

नक्कल होईल की नाही हे तुम्ही त्यात काय बदलता यावर ठरतं. कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ मध्ये रविवर्म्याची लक्ष्मी आणि चांदण्यातली स्त्री स्वतः उभी राहून पुन्हा साकारली. तो दागिना, तो पडदा, ती नजर जशीच्या तशी, आणि तरी पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की ही "आदर्श स्त्री" ठरवली कोणी. लंडनच्या टॉम हंटरने १९९७ मध्ये डच चित्रकार वर्मीरच्या पत्र वाचणाऱ्या मुलीच्या जागी घर खाली करण्याची नोटीस वाचणारी तरुण आई ठेवली. हेन्ड्रिक केर्स्टन्सने मुलीच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घातली आणि ती सतराव्या शतकातल्या डच टोपीसारखी दिसली.

करताना कपड्यांच्या मागे आधी लागू नका, उजेड कुठून येतोय ते पाहा. चित्रातल्या नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय? त्या बाजूला खिडकी घ्या, दुसऱ्या बाजूला काळी चादर टांगा, आणि माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणा. निम्मं चित्र इथेच होतं.

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, ती चित्रं मोकळी आहेत. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांच्या चित्रावरून काही करायचं तर हक्कदारांची परवानगी घ्या.

१५. वसाहतकाळातले "जातीजमातींचे" फोटो दिसायला सुंदर आहेत. तशी मालिका करू का?

थांबून विचार करा. त्या काळात सरकारने माणसांचे नमुने गोळा करावेत तसे फोटो गोळा केले. त्यांचे आठ खंड १८६८ ते १८७५ मध्ये निघाले. काही ठिकाणी तर माणसांना चौकटीच्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभं केलं. त्यांतल्या अनेकांचं नावही नोंदलं गेलं नाही. ती चौकट तुम्ही "विंटेज" म्हणून पुन्हा वापरलीत, समोर एखाद्या कातकरी बाईला उभं केलंत आणि खाली फक्त "आदिवासी स्त्री" लिहिलंत, तर तोच अन्याय तुमच्या हातून होतो. माझे नियम दोन: समोरच्या माणसाचं नाव, त्याची हरकत नसेल तर, छायाचित्राखाली यावं, आणि एक प्रिंट त्याच्या घरी जावी. आणि परक्या समाजाचा पोशाख मॉडेलवर चढवायचा असेल तर त्याआधी त्या समाजातल्या कुणाशी तरी बोला.

१६. डिजिटल निगेटिव्ह वापरली तर प्रदर्शनात "सायनोटाइप" लिहिता येईल का? एडिशन कशी मोजायची?

येईल. प्रिंट ज्या पद्धतीने झाली तीच ओळ लिहितात: "सायनोटाइप, सुती कागद", आणि साल. कुणी विचारलं तर डिजिटल निगेटिव्ह सांगून टाका. एडिशन, म्हणजे एकूण किती प्रती काढायच्या ते, ठरवली असेल, समजा १०, तर अकरावी काढू नका. हाताने लेप दिल्यामुळे प्रत्येक प्रत थोडी वेगळी असते, ही गोष्ट विकत घेणाऱ्याला आधीच दाखवा.

१७. भिंतीवर लावलेली सायनोटाइप सहा महिन्यांत फिकट झाली. फेकून द्यावी का?

मुळीच नाही. जोरदार उजेडाने प्रशियन निळा फिका पडतो, पण क्षाराने खाल्लेला नसेल (प्रश्न ८) तर तो बराचसा परत येतो. फ्रेममधून काढा, साध्या सुती कागदात ठेवा आणि कपाटात अंधारात सोडा. अगदी बंद प्लास्टिकमध्ये नको, हवा लागली पाहिजे. माझ्या दिवाणखान्यातली माडांची एक प्रिंट मी मे महिन्यात अशी आत ठेवली होती. गणपतीला घर आवरताना ती सापडली तेव्हा झावळ्यांच्या कडा पुन्हा निळ्याशार झाल्या होत्या. आता ती उत्तरेच्या भिंतीवर आहे.